आटणारा ओढा आणि आप्पा

ऑगस्टातली सकाळ, साडेनऊलाच ऊन असं की रेलिंगला हात लावला तर चटका बसावा, आणि आप्पा अमेरिकेत, कॅन्ससमधल्या कोन्झा प्रेअरीतल्या, म्हणजे राखलेल्या गवताळ माळावरच्या, त्या लाकडी साकवावर वाकून खाली बघत होते. खाली किंग्ज क्रीक, म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते. वरच्या अंगाला चुनखडीचे पांढरेफटक दगड आणि त्यांच्यावर वाळून पापुद्रे सुटलेलं शेवाळ, खालच्या अंगालाही तेच, आणि बरोबर साकवाच्या सावलीत दोन खाटा टाकल्या तर भरून जाईल एवढा एक डोह. त्यात मासे. बोटभर लांबीचे, काही त्याहून बारके, सगळे एका बाजूला दाटी करून थांबलेले, मधेच एखादा वर यायचा, पाण्याला तोंड लावायचा आणि परत खाली. पाणी इतकं नितळ की मासे वेगळे आणि तळावर पडलेल्या त्यांच्या सावल्या वेगळ्या दिसत होत्या. कडेच्या चिखलात रकून नावाच्या, मासे खाणाऱ्या जनावराच्या पंजांचे ठसे, पाची बोटं स्पष्ट उमटलेली, आणि ठसे ताजे. आप्पांनी ते ठसे बघितले, मग ओढ्याच्या खालच्या वळणाकडं बघितलं, तिथं झाडाखाली अजून थोडं पाणी चमकत होतं, आणि मला म्हणाले, "गाडीत बादली हाय का गं?"

बादली होती. गाडी धुवायची निळी. मी हो म्हणायच्या आधीच मागून एक आजीबाई आल्या, इथल्या डोसंट, म्हणजे लोकांना प्रेअरी दाखवत फिरणाऱ्या स्वयंसेवक, गळ्यात बिल्ला, डोक्यावर मोठी गवती टोपी. आप्पा हातवारे करून मला काय सांगताहेत ते त्यांना भाषा न कळता कळलं असावं, कारण त्या हसून म्हणाल्या की पायवाट सोडून खाली उतरता येत नाही, आणि मासे तर हलवायचेच नाहीत, मासेच काय, इथले दगडही हलवायचे नाहीत. मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यांना याची सवय आहे." मी आप्पांना सांगितलं. आप्पांनी त्यांच्याकडं बघून मान हलवली, पाहुण्यानं हलवावी तशी, आणि मला मराठीत म्हणाले, "मरायची सवय असती व्हय कुणाला?"

हे काही मी पुढं सांगितलं नाही.

आता आप्पांचं असं आहे की त्यांचं सगळं आयुष्य ओढ्याला पाणी राहावं म्हणून गेलंय. माण तालुक्यातला माणूस. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही पडला तर. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि पुढं मृदसंधारणाच्या कामावर लागले ते रिटायर होईपर्यंत तेच. पाझर तलाव, नालाबंडिंग, समतल चर, माती बंधारे. आमच्या घरी लहानपणी पाहुणे आले की आप्पा त्यांना देवळात न नेता बंधाऱ्यावर न्यायचे. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला मुरायला लावा, हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो असू. वाहून गेलेलं पाणी म्हणजे त्यांच्या लेखी घरातून चोरीला गेलेली वस्तू. अशा माणसाला पार कॅन्ससमध्ये आणून आटत चाललेला ओढा दाखवायचा आणि वर सांगायचं की हा राखीव आहे, याला हात लावायचा नाही, हे जरा जास्तच होतं. घरी येताना गाडीत ते गप्प होते, मॅनहॅटनच्या सिग्नलला आलो तेव्हा एकदम म्हणाले, "राखीव म्हंजे राखायचं ना? मग हे राखत्यात काय?"

(हे मॅनहॅटन न्यूयॉर्कवालं नाही, कॅन्ससमधलं आहे, युनिव्हर्सिटीचं गाव. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक नातेवाइकाला सांगत आलेय.)

तो प्रश्न मला चिकटला. मी कामाला धान्याच्या लॅबमध्ये, माशांचा आणि माझा संबंध ताटापुरता, पण आप्पांना नीट उत्तर देता आलं नाही याची चुटपुट लागली आणि मी त्या आजीबाईंच्या नादानं डोसंटच्या ट्रेनिंगला नाव घातलं. तिथं पहिली गोष्ट कळली ती ही, की किंग्ज क्रीक आटतो हा त्याचा आजार नाहीच, तो तसाच आहे. कोन्झा म्हणजे साडेआठ हजार एकरांहून जास्त गवत, नेचर कन्झर्व्हन्सी ही निसर्ग राखणारी खासगी संस्था आणि कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटी यांचं, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून संशोधनासाठी राखलेलं. खाली चुनखडी आणि शेल, म्हणजे चिखलाचा झालेला, पाणी अडवणारा दगड, यांचे थरावर थर, चुनखडीत गारगोटीचे खडे, नांगर घातला की मोडायचा, म्हणून या फ्लिंट हिल्समध्ये उंच गवताची प्रेअरी वाचली. बाकी कुठं फारशी नाहीच, मूळच्या प्रेअरीतली जेमतेम चार टक्के शिल्लक आहे म्हणतात आणि त्यातली बहुतेक इथंच. ज्यांच्या नावावरून कोन्झा हे नाव आलं त्या कॉ लोकांना मात्र १८७३ मध्ये इथून उठवून ओक्लाहोमाकडं धाडलं. म्हणजे गवत राहिलं आणि गवतातली माणसं गेली. राखीव जागेच्या पाटीवर हे बारीक अक्षरात असतं.

तर पाऊस पडला की या चुनखडीच्या भेगांतून पाणी खाली जातं, कुठंतरी शेलच्या थरावर अडतं आणि झऱ्यानं बाहेर येतं. झरा जिथं आहे तिथं ओढा बारमाही, त्याच्या वर आणि खाली कधी वाहता कधी कोरडा. वर्षाला सरासरी ८३५ मिलिमीटर पाऊस, त्यातला बराचसा वसंत आणि उन्हाळ्यात, आणि तो सुद्धा इतका लहरी की एका वर्षी साकव बुडेल असा लोंढा आणि पुढच्याच वर्षी नुसते दगड. १९७९ पासून इथं सरकारी मापक बसवलेला आहे, ओढ्यात दर क्षणाला किती पाणी वाहतं ते लिहून ठेवतो, आणि त्यात शून्याचे दिवस भरपूर आहेत. शून्य हेही त्या वहीत रीडिंगच आहे. आप्पांच्या वहीत शून्य लिहिलं की वरून मेमो यायचा.

मासे काय करतात? जे झऱ्याच्या डोहात असतात ते तगतात. जे मधल्या डोहांत अडकतात त्यातले काही बगळा खातो, काही रकून खातो, काही ऑक्सिजन संपून मरतात, आणि डोह पार आटायच्या आत पाऊस आला तर उरलेले सुटतात. पाऊस येऊन ओढा परत सलग झाला की झऱ्याच्या डोहातली मंडळी वर निघतात, बघता बघता, काल कोरडी होती त्या वाटेवर मासे दिसायला लागतात. माझा नवरा चिपळूणकडचा, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग हे चढणीचे मासेच की, यात नवल ते काय. त्याच्याकडं पहिल्या पावसाचं पाणी शेतातून ओहोळाला लागलं की मासे त्या पाण्यावर उलटे चढतात, अंडी घालायला, आणि पोरं कंदील घेऊन रात्रभर बांधावर. अलीकडं रायगडात त्यालाच वलगण म्हणतात. फरक एवढाच की तिकडं चढणाऱ्या माशाची वाट टोपलं घेऊन बघतात आणि इकडं क्लिपबोर्ड घेऊन. नवरा अजून त्या टोपल्याच्या आठवणीनं हळहळतो, आणि किंग्ज क्रीकच्या साकवावर उभा राहिला की त्याच्या नजरेत मला संशोधन दिसत नाही.

एप्रिलमध्ये, आप्पा परत गेल्यानंतर, मी तो ओढा वाहताना बघितला. आठवड्यापूर्वी टेकड्या जाळलेल्या होत्या, इथं गवत मुद्दाम जाळतात, कुठं दरवर्षी, कुठं दोन वर्षांनी, कुठं चार, कुठं वीस, आणि मग मोजत बसतात. काळ्या टेकड्यांवर दोन-दोन बोटं पोपटी कोंब आणि मधून हा ओढा, हवेत अजून राखेचा वास. उथळ पाण्यात गोट्यांच्या पट्ट्यावर स्टोनरोलर चाललेले. मासा वीतभरही नसतो, रंगानं मातकट, नर असेल तर या दिवसांत डोक्यावर टोकदार पांढरे खडे उठलेले, पुटकुळ्या म्हणाव्यात तर फार टणक. तो डोकं खाली घालतो, शेपटी वर, आणि एक खडा तोंडानं उचलून बाजूला नेऊन टाकतो, दुसरा नाकाडानं ढकलतो. परत येतो. परत एक. वरून प्रवाह त्याला खाली लोटतोय आणि तो आपला अंड्यांसाठी खड्डा खणतोय, शेजारी दुसरा नर आला की खडे असलेलं डोकं त्याच्या कुशीत हाणतोय. एकदा दोघं अंगाला अंग लावून समांतर पोहत निघाले, कोण आधी वळतो ते बघत, आणि तेवढ्यात तिसऱ्यानंच येऊन खड्ड्याचा ताबा घेतला. मी मोठ्यानं हसले. बांधावरून वाद घालणाऱ्या दोन भावांची केस मी लहानपणी घराच्या ओट्यावर बसून ऐकलेली आहे, तिचा निकाल असाच लागला होता.

या माशाचा खालचा जबडा कडक धारेचा असतो, त्यानं तो दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. चरून गेला की दगडावर स्वच्छ पट्टे दिसतात. शेवाळ पचवायला आतडं लांबच लांब लागतं, आणि ते ठेवायला जागा नाही म्हणून ते त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीच गुंडाळलेलं असतं. हे मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. आणि त्याच खड्ड्यावर, त्यानं मर मर मरून खणलेल्या, रेडबेली डेस येतात फुकटात अंडी घालायला. पोट लालभडक, पंख पिवळे, अंगावरून दोन काळे पट्टे आणि मधे फिकट सोनेरी, आमच्या इथल्या पाण्यात इतका रंग असेल असं ऑगस्टात कोण म्हणालं असतं. पंधरा-वीस डेस एका वेळी खड्ड्यावर उतरतात, पाणी लाल हलतं आणि विझतं. तळाला ऑरेंजथ्रोट डार्टर, त्याला पोहण्याची फारशी हौस नाही, छातीच्या पंखांवर टेकून बसलेला असतो आणि टुणकन उडी मारून पुढच्या दगडाआड. नराच्या अंगावर निळे-हिरवे आडवे पट्टे आणि गळा नारिंगी. क्रीक चब जरा मोठा, मोठ्या तोंडाचा, खड्यांची लांब रास रचून अंडी पुरणारा. डार्टर सोडला तर ही सगळी आपल्या रोहू-कटल्याच्या लांबच्या भावकीतली मंडळी, नव्या वर्गीकरणात चुली वेगळ्या झाल्यात एवढंच. खायला यातला एकही कामाचा नाही, आप्पांनी पहिल्याच दिवशी तसं सांगितलेलं.

पण मी पुढं पळाले. ऑक्टोबरात आप्पा इथंच होते तेव्हा आम्ही त्यांना टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हला नेलं, हायवे १७७ नं खाली, कौन्सिल ग्रोव्ह ओलांडून स्ट्राँग सिटीच्या अलीकडं. गवत तेव्हा तांबूस झालेलं, माणसाच्या डोक्याच्या वर, वारा आला की सगळी टेकडी वाकायची. हे जवळजवळ अकरा हजार एकर १९९६ मध्ये राखीव झालं, पण गंमत अशी की पार्क नॅशनल पार्क सर्व्हिसचं आणि जमीन बहुतेक सगळी नेचर कन्झर्व्हन्सीची. इथल्या लोकांना सरकारच्या हातात जमीन नको होती, म्हणून कायद्यातच लिहून घेतलं की सरकारनं एकशे ऐंशी एकरांहून जास्त मालकी घ्यायची नाही. आप्पांना हे फार आवडलं. "म्हंजे सरकारवर इस्वास न्हाय. शानी हायती की माणसं." सरकारी पेन्शनवर जगणारा माणूस.

तिथल्या फॉक्स क्रीकच्या बाजूला, त्याला मिळणाऱ्या बारक्या ओढ्यांत टोपीका शायनर नावाचा मासा राहतो. आम्हाला तो दिसला नाही, आधीच सांगते. दिसायला तसा साधाच, जास्तीत जास्त तीन इंच, रुपेरी, अंगावर एक काळपट रेघ आणि शेपटीच्या मुळाशी काळा त्रिकोणी ठिपका, नराचे पंख विणीच्या दिवसांत नारिंगी-लाल. जगतो दोन-तीन वर्षं. १८८४ मध्ये चार्ल्स गिल्बर्ट यांनी कॅन्ससमधल्या टोपीका शहराच्या शुंगानुंगा क्रीकमधल्या माशांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, म्हणून तो टोपीका. हा स्वतः घर करत नाही, ग्रीन सनफिश नावाचा दुसरा मासा शेपटीनं गाळ झाडून घरटं करतो आणि राखतो, त्याच्या कडेला हा आपली हद्द धरून बसतो, अंडी तिथंच. सनफिश मोठा, मनात आणलं तर याला गिळेल. तरी शेजार चालतो. एके काळी डकोटापासून मिसूरीपर्यंत गवताळ ओढ्यांत सगळीकडं असलेला हा मासा इतका कमी झाला की १९९८ च्या डिसेंबरात सरकारनं त्याला संकटग्रस्त ठरवलं, आणि कशामुळं कमी झाला त्याची कारणं व्हिजिटर सेंटरबाहेरच्या बाकावर बसून मी आप्पांना एकेक सांगत होते. नांगरलेल्या शेतांतून येणारा गाळ. सरळ केलेले ओढे. आणि तळी.

"कसली तळी?"

शेततळीच, आप्पा. गुरांना पाणी प्यायला ओढ्यावर मातीचा बांध घालून अडवलेली तळी, आणि पुराला आवर घालायला बांधलेली जरा मोठी. कॅन्ससभर. बांध घातला की खालच्या ओढ्याचं पाणी तुटतं, दुष्काळानंतर खालून वर चढायची वाट बंद होते, आणि तळ्यात पाणी आहे म्हटल्यावर लोक त्यात गळानं धरायला लार्जमाउथ बास हा मोठ्या तोंडाचा, बारके मासे खाणारा मासा सोडतात. तो बास पावसाळ्यात सांडव्यावरून ओढ्यात उतरतो. मग उन्हाळा येतो, ओढ्याचे डोह होतात, आणि ज्या डोहात शायनरनं हजारो उन्हाळे काढले त्या डोहात आता त्याच्याबरोबर एक बास कोंडलेला असतो. २००१ मध्ये छापून आलेल्या कॅन्ससच्या एका अभ्यासात ज्या ओढ्यांतून शायनर गेला आणि ज्यांत राहिला त्यांची तुलना आहे. जिथं गेला तिथं बारकी धरणं जास्त आणि बास जास्त. आटणाऱ्या ओढ्याशी या माशाचं जमलेलं होतं. ज्याला आटणं जमत नाही असा मोठ्या तोंडाचा मासा तिथं टिकूच शकत नव्हता, आणि आटणं हाच बारक्याचा पहारेकरी होता. माणसानं बारमाही पाणी करून दिलं आणि पहारा उठला.

आप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं. टोपी काढली, परत घातली. मग समोरच्या टेकडीच्या कुशीतलं एक जुनं तळं दिसत होतं, रँचच्या काळातलं, त्याच्याकडं बोट करून म्हणाले, "पिचिंग बरं केलंय." म्हणजे बांधाला आतून लावलेले दगड. मला वाटलं होतं वाद घालतील. वाद घातला असता तर बरं झालं असतं, कारण त्या गप्प बसण्यात मला एकदम वाटलं की मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या आयुष्याचा हिशेब चुकला असं परदेशातल्या बाकावर बसवून ऐकवतेय, आणि ते खरंही नव्हतं. माणमध्ये ज्या विहिरींना आप्पांच्या तलावानं पाणी आलं त्या विहिरींवर मी वाढले. टँकरच्या रांगेत आई उभी असायची ती थांबली.

आणि इथल्या लोकांनीही हौस म्हणून बांध घातले नाहीत. १९५१ च्या जुलैत कॅन्सस नदीला असा पूर आला की मॅनहॅटनची बाजारपेठ पाण्यात गेली, जुन्या दुकानांत अजून कुठं कुठं पाणी किती चढलं त्याची खूण दाखवतात. त्यानंतर धरणाची कामं जोरात. आमच्या गावाच्या डोक्यावर टटल क्रीकचं धरण १९६२ मध्ये पुरं झालं, त्याच्यासाठी ब्लू नदीच्या खोऱ्यातली गावं उठवली, त्या खोऱ्यातल्या बायकांनी धरणाविरुद्ध जोरदार मोहीम चालवली होती आणि तरी धरण झालंच. १९५४ च्या कायद्यानं ओढ्या-ओढ्यांवर बारकी धरणं बांधायला पैसा दिला. भीतीनं बांधलं, गरजेनं बांधलं, गुरं तहानली होती म्हणून बांधलं. यात मासा मरावा असं कुणाच्याच मनात नव्हतं, मासा मनातच नव्हता. २००४ मध्ये शायनरसाठी खास अधिवास जाहीर झाले ते आयोवा, मिनेसोटा आणि नेब्रास्कात. कॅन्सस वगळला. मला पूर्वी अशा बातम्यांचा नुसता राग यायचा, आता राग येतो आणि त्याच्याबरोबर आमच्या गावातला एखादा शेतकरी बैठकीत उठून "मासा मोठा का माझी म्हस?" विचारतोय असंही दिसतं, आणि त्या बैठकीत मी कुठल्या खुर्चीवर बसले असते ते ठरत नाही.

आप्पांना खरा धक्का बसला तो झाडांचा. कोन्झात ओढ्याच्या काठांवर गेल्या काही दशकांत झुडपं आणि झाडं वाढत चाललीत, डॉगवूडची गचपणं टेकडीवर चढलीत, आणि पाऊस कमी झालेला नसताना किंग्ज क्रीकचं पाणी मात्र कमी होत गेलंय. झाडांची मुळं खोलवरचं पाणी ओढतात, गवताची तेवढी नाही. म्हणून मधे एका ओढ्याकाठची झाडंझुडपं मुद्दाम तोडून बघायचा प्रयोगही केला. मी हे सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "झाडं तोडत्यात? पाण्यासाठी? कुठं बोलू नगंस हे गावाकडं." झाडे लावा झाडे जगवा आमच्या एसटीच्या मागं लिहिलेलं असायचं. तळं वाईट, झाड वाईट, आग चांगली, दुष्काळ चांगला. असं त्यांनी बोटांवर मोजलं आणि हातच झटकले. खरं सांगायचं तर मलाही हे एका दमात कुणी सांगितलं असतं तर मी असंच केलं असतं. पण ज्या गवतात हे ओढे हजारो वर्षं वाहिले तिथं झाड आगीनं आणि बायसननी, म्हणजे इथल्या गव्यासारख्या जनावरांनी, रोखलेलं होतं, आणि ज्या माणमध्ये आप्पांनी चर खणले तिथली टेकडी माणसानंच आधी बोडकी केलेली होती. दोन्हीकडं ओढाच, पण दुखणं वेगळं.

मग मी त्यांना आयोवाची गोष्ट सांगितली, थोडी लाच म्हणूनच. तिकडं नद्यांनी सोडून दिलेली जुनी वळणं असतात, ऑक्सबो, ती शेतातल्या मातीनं भरून गेली होती. ती परत उकरली. भूगर्भातलं पाणी आत आलं, पुराला नदीशी सांधा जुळला, आणि त्या उकरलेल्या डोहांत टोपीका शायनर येऊन राहिला. आप्पा एकदम ताठ बसले. "म्हंजे गाळ काढला!" हो, गाळच काढला. "पोकलेननं?" पोकलेननंच असणार. "मंग तसं आधी सांगायचं की!" त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्यांनी नवऱ्याला तलावातला गाळ कधी काढावा, किती खोल काढावा आणि मुरमाला लागलं की का थांबावं, हे कौन्सिल ग्रोव्ह ते मॅनहॅटन असं सलग सांगितलं. नवरा बिचारा स्टिअरिंगला धरून हूं हूं करत होता.

नवऱ्यानं त्यावर वाळण कोंडीचं काढलं. महाडकडं काळ नदीवर एक डोह आहे, वरदायिनी देवीचा, त्यातले मोठमोठे महसीर देवीचे म्हणून कुणी धरत नाही, लोक कुरमुरे-चणे टाकतात आणि मासे पायाशी येतात. तो म्हणाला, आमच्याकडं देवीच्या धाकानं राखतात, तुमच्याकडं कायद्याच्या. आप्पा म्हणाले, देवीचा धाक बरा, कोर्टात जाता येत न्हाय. मला मात्र तेव्हा असं वाटलं की देवीलासुद्धा मोठा, चमकदार, कुरमुरे खायला येणारा मासा मिळाला म्हणून तिचं निभावलं. तीन इंचाच्या, वर्षातून दोन महिने रंग चढणाऱ्या, आपल्याकडं ढुंकून न बघणाऱ्या माशासाठी नवस कोण बोलणार. त्याला बिचाऱ्याला राजपत्रच लागतं.

आप्पा नोव्हेंबरात गेले. जाताना बॅगेत त्यांनी कोन्झाच्या माशांचं रंगीत पत्रक घातलं होतं, आजीबाईंनी दिलेलं, त्यावर स्टोनरोलरच्या चित्राखाली बॉलपेननं "दगड्या" लिहिलेलं. परवा त्यांचा फोन आला. चुलतभावानं शेततळं केलंय, प्लास्टिकचा कागद घालून, आणि ओव्हरफ्लोचा पाइप खाली ओढ्यात सोडलाय. त्याला त्यात मासे करायचेत. रोहू-कटल्याची बोटुकली मिळाली तर ती, नाहीतर चिलापी, चिलापी काय कुठंही वाढते. आप्पा त्याला म्हणाले, चिलापी नको, आणि काहीही सोड पण पाइपाला बारीक जाळी बसव, मासा ओढ्यात जाता कामा नये. भावानं विचारलं कशापायी, तर आप्पांनी त्याला म्हणे अर्धा तास दगड्याची, लाल पोटाच्या माशाची आणि बासची हकीकत सांगितली, कॅन्सससकट. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पर आप्पा, आपल्या वड्याला पाणी असतंय कवा?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हननार. दोनशे रुपयाची जाळी हाय, मीच आणून दिली."

बसवलीय का नाही ते अजून कळलेलं नाही. भावानं व्हॉट्सॅपवर शेततळ्याचा फोटो टाकलाय, त्यात पाइपाचं तोंड येत नाही.